रोड बाईकची फ्रेम कशी निवडावी : माप आणि मटेरियल

लांबपल्ला (मूळ लेखन)

दुसरी रोड बाईक घेण्याच्या तयारीत आहे आणि पहिल्या वेळची चूक पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

माझी उंची १७२ सेंटिमीटर आहे. चार वर्षांपूर्वी विक्रेत्याने उंची विचारली, तक्त्यात त्या उंचीसमोर ५४ हा आकडा होता, म्हणून ५४ ची फ्रेम माझ्या हवाली झाली. पहिला तास उत्तम जात असे. दुसऱ्या तासात करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागत, मान आखडत असे आणि हात नकळत ब्रेकच्या हूडवरून (ब्रेकच्या रबरी मुठींवरून) मागे सरकून हँडलबारच्या आडव्या भागावर येत. अंतर कमी व्हावे म्हणून मी सीट पुढे ओढली, तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले. ११० मिलिमीटरचा स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा) काढून ९० चा बसवला, त्याने थोडा आराम पडला, पण बधिरपणा गेला नाही. स्टेमखाली आणखी स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) घालावेत म्हटले, तर फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या भागाची, वर येणारी नळी आधीच इतकी आखूड कापलेली होती की १० मिलिमीटरच्या वर जागाच उरली नव्हती.

या वेळी मापे स्वतः घेतली आहेत. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक धरून ते सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर घ्यायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे, अशी पायाची आतली लांबी ८२ सेंटिमीटर भरते. सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र म्हणते की ही लांबी ०.६७ ने गुणली की फ्रेमचे माप मिळते. ते जवळजवळ ५५ येते, म्हणजे ज्या फ्रेमवर मला त्रास झाला तिच्याहूनही मोठे! इथेच माझा गोंधळ सुरू होतो.

सध्या दोन फ्रेम मनात आहेत. पहिलीचा स्टॅक (फ्रेमची उभी उंची) ५६५ आणि रीच (पुढे आडवी लांबी) ३७५ मिलिमीटर आहे, ती ॲल्युमिनियमची असून तिचा फोर्क कार्बनचा आहे. दुसरीचा स्टॅक ५४० आणि रीच ३८० आहे आणि ती पूर्ण कार्बनची आहे. रीचमध्ये अवघा ५ मिलिमीटरचा फरक दिसतो, म्हणून मन कार्बनकडे झुकते आहे. एक अनुभवी मित्र मात्र आग्रहाने सांगतात की लांब पल्ल्यासाठी स्टीलला पर्याय नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सरळरेषा

आपल्या वर्णनातली सीट पुढे ओढल्याची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सीटची जागा पेडलच्या संदर्भात ठरवायची असते. हँडलबार लांब पडतो म्हणून सीट पुढे घेणे म्हणजे हाताची तक्रार गुडघ्याच्या माथी मारणे होय. आधी सीटची उंची आणि तिची मागे-पुढे जागा पक्की करावी, मग हात कुठे पोहोचतात ते पाहावे आणि त्यानुसार फ्रेम शोधावी.

उंचीसाठी पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३ हे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले सूत्र सुरुवातीला चालेल. तुमच्या बाबतीत बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा आस बसतो त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७२.४ सेंटिमीटर येतात. त्यानंतर पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ रेषेपासून २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो का, हे कोणाकडून तरी बाजूने चित्रित करून घेऊन तपासावे. सूत्रापेक्षा हा कोन अधिक विश्वासार्ह आहे, कारण बुटाच्या तळव्याची जाडी, क्रँकची (पेडलच्या दांडीची) लांबी आणि पेडल मारताना टाच किती खाली जाते यांपैकी कशाचीही सूत्राला कल्पना नसते.

आता ५४ या आकड्याविषयी. टॉप ट्यूब (सीटखालून हँडलकडे जाणारी वरची नळी) जमिनीला समांतर असण्याच्या काळात हा आकडा म्हणजे सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) लांबी असे, आणि तीसुद्धा कोणी टॉप ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजत असे, तर कोणी सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत. ०.६७ चे सूत्र त्याच काळातले आहे. १९९० च्या दशकात माईक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी उतरत्या टॉप ट्यूबची टीसीआर ही बाईक रचली, त्या धर्तीच्या फ्रेम पुढे सर्वत्र रूढ झाल्या आणि सीट ट्यूब आखूड होत गेली. त्यानंतर ५४ ही केवळ चिठ्ठी उरली आहे. सूत्राची दुसरी अडचण तुम्हाला स्वतःलाच जाणवली आहे. ते फक्त पाय मोजते. तुमचे पाय उंचीच्या मानाने लांब आहेत, म्हणजे धड तेवढेच आखूड आहे, आणि सूत्र मात्र लांब पायांकडे पाहून तुम्हाला आणखी लांब फ्रेम सुचवते.

टॉप ट्यूबची आडवी लांबीही फसवू शकते, कारण ती सीट ट्यूबच्या कोनावर अवलंबून असते. समजा, दोन फ्रेमची आडवी टॉप ट्यूब ५४० मिलिमीटर आणि स्टॅक ५५० मिलिमीटर आहे, मात्र एकीची सीट ट्यूब ७३ अंशांत आहे आणि दुसरीची ७४ अंशांत. पहिलीचा रीच ३७२ निघतो आणि दुसरीचा ३८२. कागदावर एकसारख्या दिसणाऱ्या या फ्रेममध्ये हाताला एक सेंटिमीटरचा फरक पडतो, कारण सीट दोन्हीवर पेडलच्या मागे तेवढ्याच अंतरावर बसवायची असते.

म्हणूनच स्टॅक आणि रीच ही जोडी उपयोगी ठरते. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलबारखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक, आणि आडवे अंतर म्हणजे रीच. सीट कुठेही असली तरी हे आकडे हलत नाहीत. ही जोडी रूढ करण्यात ट्रायथलॉनच्या बाईक घडवणारे डॅन एम्पफील्ड यांचा मोठा वाटा आहे.

तुमच्या दोन फ्रेमचे रीच मात्र थेट शेजारी ठेवून वाचता येणार नाहीत. हेड ट्यूब मागे झुकलेली असते, त्यामुळे ७३ अंशांच्या कोनात १० मिलिमीटरचा स्पेसर घातला की हँडलबार जवळजवळ तेवढाच वर जातो आणि ३ मिलिमीटर मागेही येतो. कार्बनच्या फ्रेमचा हँडलबार ॲल्युमिनियमच्या फ्रेमइतका उंच करायचा तर २६ मिलिमीटरचे स्पेसर लागतील आणि तोवर तिचा रीच ३८० वरून ३७२ वर आलेला असेल. एकाच उंचीवर तोलल्यास, तुम्हाला जी फ्रेम लांब वाटत होती तीच ३ मिलिमीटरने आखूड निघते.

तेव्हा प्रश्न रीचचा नसून उंचीचा आहे. हँडलबार खाली ठेवून वाकून चालवायची असेल तर दुसरी फ्रेम, वर हवा असेल तर पहिली. २६ मिलिमीटरचे स्पेसर बसतील, पण कार्बनच्या स्टिअररवर (फोर्कच्या वर येणाऱ्या नळीवर) उत्पादक बहुधा ३० ते ४० मिलिमीटरची मर्यादा घालतात आणि पुढे आणखी वर जायला वाव राहत नाही.

अरुंद_वाट

सरळरेषा यांचे विवेचन पटले. माझी उंची १५२ सेंटिमीटर आहे, म्हणून लहान मापाच्या फ्रेमविषयी थोडे लिहिते, कारण तिथे आकडे आणखी फसवे असतात.

रोड बाईकची चाके बहुतेक एकाच व्यासाची, म्हणजे ज्यावर टायर बसतो त्या कडेला ६२२ मिलिमीटरची असतात. चालक लहान झाला तरी चाक लहान होत नाही. टॉप ट्यूब कागदावर आखूड दिसावी म्हणून सीट ट्यूब ७५ अंशांपर्यंत उभी केली जाते आणि पुढचे चाक पायापासून दूर राहावे म्हणून हेड ट्यूबचा कोन कमी केला जातो. परिणामी, सर्वांत लहान माप आणि त्याच्या वरचे माप यांच्या रीचमध्ये काही वेळा नाममात्र फरक उरतो. मी ४४ ची फ्रेम घेतली ती लहान आहे या समजुतीने. सीट माझ्या गुडघ्याला मानवेल इतकी मागे नेल्यावर ती माझ्या आधीच्या ४८ च्या फ्रेमइतकीच लांब पडली.

दुसरी गोष्ट बुटाच्या टोकाची. पेडल पुढे आडवे असताना हँडल वळवले की बुटाचे टोक टायरला लागते. वेगात याचा त्रास नाही, कारण तेव्हा हँडल इतके वळतच नाही. उभ्या चढावर अगदी हळू वळताना, किंवा गर्दीत उलट फिरताना मात्र पाय अडकून पडायला होते. फ्रेम घेण्यापूर्वी नेहमीचे बूट घालून, पेडल आडवे ठेवून, हँडल दोन्हीकडे वळवून पाहावे. १६५ मिलिमीटरच्या क्रँकने या अंतरात थोडी भर पडते आणि गुडघाही कमी दुमडतो. शक्य असेल तर ५८४ मिलिमीटरच्या लहान चाकांभोवती रचलेली फ्रेम पाहावी. मला तिचाच सर्वाधिक उपयोग झाला.

जुनी_चेन

लांबपल्ला यांच्या मित्राची बाजू मी मांडतो. माझ्याकडे रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची फ्रेम आहे. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेले हे पोलाद १९३५ मध्ये बाजारात आले आणि त्यावर कित्येक दशके शर्यती जिंकल्या गेल्या. खराब रस्त्यावर ही फ्रेम ज्या प्रकारे हादरा गिळते, तसे मला ॲल्युमिनियमच्या कोणत्याही बाईकवर जाणवलेले नाही. शिवाय स्टील तुटण्याआधी वाकते, सूचना देते आणि सांधता येते. ॲल्युमिनियम कठोर आहे, त्याला थकवा येतो. लांब पल्ल्यासाठी मी स्टीलच सुचवेन.

जोडकाम

मी गेली काही वर्षे छंद म्हणून स्टीलच्या फ्रेम पितळी सांध्याने जोडतो, तेव्हा स्टीलवर माझे प्रेम आहे हे आधीच सांगतो. तरीही वरच्या प्रतिसादातील दोन समजुती तपासून घ्याव्यात असे वाटते.

धातूच्या कडकपणाचे माप पाहिले तर स्टील सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियम ११० च्या आसपास आणि ॲल्युमिनियम ७० च्या आसपास. घनता पाहिली तर अनुक्रमे ७.८, ४.५ आणि २.७. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की तिन्ही धातूंचे उत्तर जवळजवळ एकच, साधारण २५ येते. वजनाच्या तुलनेत कडकपणा तिघांचाही सारखाच आहे. मग फरक येतो तो नळीच्या व्यासातून. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तीच ठेवली, तर वजन दुप्पट होते आणि कडकपणा आठपट. स्टीलची नळी फार रुंद करता येत नाही, कारण वजन आवरण्यासाठी भिंत इतकी पातळ करावी लागते की ती बोटाच्या दाबाने चेपू लागेल. माझ्या हातून जाणाऱ्या नळ्या टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर जाडीच्या असतात. कापलेल्या नळीच्या मधल्या भागात तर्जनीचे नख टेकवले की भिंत त्या नखाहून फार जाड नाही हे दिसते. ॲल्युमिनियम हलके असल्याने त्याची नळी रुंद करायला वाव मिळतो, आणि गॅरी क्लाइन यांनी व पुढे कॅननडेल कंपनीने १९८० च्या दशकात नेमके तेच केले. ॲल्युमिनियम कठोर असते ही ख्याती त्या रुंद नळ्यांची आहे.

याचा उलटा पुरावाही आहे. फ्रान्समधील व्हितुस ९७९ ही फ्रेम ॲल्युमिनियमचीच, पण स्टीलसारख्या बारीक नळ्या चिकटवून केलेली होती. सायकलपटू शॉन केली तिच्यावर अनेक वर्षे शर्यती लढले आणि ती प्रसिद्ध होती तिच्या लवचिकपणाबद्दल, जोर लावला की फ्रेम बाजूला झुकते अशी तिच्याविषयी तक्रार असे. त्याच धातूविषयी इतकी उलट मते असतील, तर दोष वा गुण धातूचा म्हणता येणार नाही.

थकव्याविषयी : स्टील आणि टायटॅनियम यांना ताणाची एक अशी मर्यादा असते की तिच्या खाली कितीही फेरे झाले तरी तडा जात नाही, आणि ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, हे खरे आहे. म्हणूनच ॲल्युमिनियमची फ्रेम रचताना ताण मुळातच खूप खाली ठेवतात. १९९७ मध्ये 'टूर' या जर्मन मासिकाने १२ उंची फ्रेमना यंत्रावर थकवले, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्या तिघींपैकी दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची होती. स्टील आणि टायटॅनियमच्या फ्रेम आधी तडकल्या होत्या. रचना आणि जोड यांनी धातूवर मात केली, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. स्टीलचा दुरुस्त होण्याचा गुण मात्र निर्विवाद आहे, आणि त्यासाठी मी आजही स्टीलच वापरतो.

जुनी_चेन

आपले म्हणणे मान्य आहे, पण मग मला जाणवणारा आराम कुठून येतो? तो भास आहे असे मला वाटत नाही.

जोडकाम

भास मुळीच नाही. आपल्या बाईकवर टायर किती रुंद आहेत, ते कृपया पाहावे. फ्रेम ही त्रिकोणांची रचना आहे आणि उभ्या दिशेने ती फारच थोडी दबते. तिच्या आधी टायर, सीटपोस्टची (सीट धरणाऱ्या दांडीची) बाहेर राहिलेली लांबी, सीट आणि हँडलबार हे सारे तिच्या कितीतरी पट दबलेले असतात. जुन्या फ्रेमला बारीक, २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट असतो, फोर्क पुढे वळलेला असतो आणि बहुधा २८ मिलिमीटर रुंदीचे टायर मावतात. शेजारच्या बाईकवर २३ चे टायर १०० पीएसआय हवेने भरलेले असतील, तर तुलना फ्रेमची होतच नाही.

जुनी_चेन

पाहिले. २८ चेच आहेत, आणि मी हवा ७० पीएसआय ठेवतो. ज्या ॲल्युमिनियमच्या बाईकशी तुलना करत होतो तिच्यावर २३ चे होते.

सरळरेषा

म्हणूनच लांबपल्ला यांनी मटेरियलच्या आधी फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो ते विचारावे, असे मी सुचवेन. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या फ्रेममध्ये साधारण २५ ते २८ वर मर्यादा येते. डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये ३२ किंवा त्याहून रुंद टायर बसतो. तुमच्या तळहाताला जो फरक ३२ चा टायर देईल, तो कार्बनची कोणतीही मांडणी देणार नाही.

वजनाचेही मोजून घ्या. चांगली कार्बनची फ्रेम ८०० ते ११०० ग्रॅम, ॲल्युमिनियमची १२०० ते १५००, टायटॅनियमची १४०० ते १७००, तर स्टीलची १६०० ते २००० ग्रॅमच्या आसपास भरते. उभ्या चढावर लागणारा वेळ जवळजवळ एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. चालक, बाईक आणि सामान मिळून ८० किलो धरले, तर अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्के, म्हणजे तासाभराच्या चढावर २२ सेकंद. शर्यतीत २२ सेकंद पुष्कळ झाले. इतरांनी ते हात बधिर न होण्याच्या बदल्यात आनंदाने द्यावेत.

लांबपल्ला

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. दुसरी फ्रेम, म्हणजे कार्बनची, वापरलेली मिळते आहे. तिच्यात काय तपासावे?

जोडकाम

कार्बन घाबरून जावे अशी वस्तू नव्हे, पण ती धातूपेक्षा वेगळ्या रीतीने बिघडते. धागे ज्या दिशेने मांडलेले असतात त्या दिशेने ती अत्यंत बळकट असते, मात्र बाजूने बसलेला ठोसा आणि क्लँपची जास्त घट्ट आवळणी तिला सोसत नाही. सीट क्लँपभोवती, स्टेमखाली स्टिअररवर, चेन पडून घासते त्या बॉटम ब्रॅकेटच्या कडेला आणि गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरच्या जवळच्या नळ्यांवर आधी पाहावे. रंगावरची रेघ नख फिरवून तपासावी. नख अडकले आणि रेघेच्या दोन्ही कडा दाबल्यावर वेगवेगळ्या हलल्या, तर ती रंगापुरती नाही. मग नाण्याने नळीभर हलके हलके ठोकत जावे. निरोगी भागात टणक, खणखणीत आवाज येतो, आतले थर सुटले असतील तिथे तो एकदम बद्द होतो. सीटपोस्ट बाहेर काढायला लावावा, कारण ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट कार्बनच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षे तसाच राहिला तर घाम आणि पाणी यांमुळे गंजून पक्का बसतो. विक्रेता तो काढून दाखवायला नकार देत असेल, तर फ्रेम घेऊ नये. क्लँप आवळताना टॉर्क रेंच वापरली जात होती का, हेही विचारावे. सीटपोस्टसाठी बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास मर्यादा असते आणि ती त्या भागावरच छापलेली असते.

सरळरेषा

त्याआधी एक काम करा. तुमच्या जुन्या बाईकचा स्टॅक आणि रीच घरीच मोजा. सपाट जमिनीवर बाईक सरळ उभी करून मागचे चाक भिंतीला टेकवा. जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत आणि जमिनीपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंत मोजा, वजाबाकी म्हणजे स्टॅक. मग दोन्ही बिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. भिंतीपासून त्या खुणांच्या अंतरांची वजाबाकी म्हणजे रीच. कुठल्या बाईकने त्रास दिला हे ठाऊक आहे, तेव्हा त्या त्रासाचे आकडे हातात असले पाहिजेत.

लांबपल्ला

आज सकाळी मोजले. ओळंबा स्थिर होईपर्यंत धीर धरावा लागला, पण तीनदा मोजून तेच आकडे आले. जुन्या फ्रेमचा स्टॅक ५४२ आणि रीच ३९० आहे. १० मिलिमीटरचा स्पेसर धरला तर स्टेम बसतो ती जागा ५५२ उंच आणि ३८७ लांब पडते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तेवढाच स्पेसर ठेवला तर तीच जागा ५७५ आणि ३७२ येते, म्हणजे २३ मिलिमीटर वर आणि १५ मिलिमीटर जवळ. सीट जुन्या, गुडघ्याला मानवणाऱ्या जागी परत नेली आहे, ती नव्या बाईकवरही तिथेच राहील.

कार्बनची वापरलेली फ्रेम सोडून दिली आहे, कारण तिचा स्टिअरर कापलेला असून स्टेमखाली १५ मिलिमीटरच जागा आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम ३२ चे टायर घेते. फोर्क न कापता ती बसवून द्यावी आणि कापायचे ते महिनाभर चालवल्यानंतर कापावे, असे विक्रेत्याला सांगितले आहे. १०० मिलिमीटरच्या स्टेमने सुरुवात करतो.